मूळ आठवण जोडावी

"झेरॉक्स नाही चालणार, मावशी. मूळ आठवणच लागेल," खिडकीतला कारकून म्हणाला.

माहिती देताना नागरिकांना त्रास होतो का, यावर खात्यानं हरकती मागवल्या होत्या. मालिनीबाईंना होत होता. मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी खात्याच्या टोपानं त्यांच्या डोक्यातून उदयनचा चेहरा काढून घेतला, वारसनोंदीला त्याचं बालपण गेलं. आता त्याची "आऊ" ही हाक तेवढी उरली होती.

सून नीलम बाहेर बाकावर बसली होती. तिनं पेन्शनचा अर्ज अजून केला नव्हता, म्हणून तिच्यापाशी उदयन अख्खा होता.

"हरकतीला पुरावा म्हणून ती हाक जोडा," कारकून म्हणाला.

"मग माझ्याकडे काय राहील रे?"

"पोच मिळेल ना."

आपली हरकत मान्य झाली, तर नीलमचं तरी वाचेल, असा विचार करून मालिनीबाईंनी टोप चढवला. डोक्यात "आऊ" असं एकदा स्पष्ट ऐकू आलं आणि मग नुसता पंख्याचा आवाज राहिला.

त्या हसतच बाहेर आल्या.

"नोंदवलीत हरकत?" नीलमनं विचारलं.

"कसली गं? चांगली माणसं आहेत. तू पेन्शनचा अर्ज का नाही करत?"

"आई, नको! उदयन..."

"कोण असेल तो असू दे. दोन मिनिटांचं काम, दुखत नाही काही."

नीलम रडत मागे सरत होती. मालिनीबाईंनी तिला दंडाला धरून खिडकीशी नेलं आणि मायेनं केस मागे सारून टोप नीट बसवला.