गाठीवरचं कुंकू

"शेवट फसलाय हो तुमचा," प्रकाशक चहाचा घोट घेत म्हणाले. "नायिका फार लवकर खचते. पुन्हा लिहा."

वृषालीची ही पहिलीच कादंबरी. त्यांच्या सांगण्यावरून तिने आधी दोनदा शेवट बदलून आणून दिला होता.

"मागची पानं तिथेच असतील, घेऊन जा."

कोपऱ्यातल्या ढिगाखालून तिने आपलं बाड ओढून काढलं. बदललेले दोन्ही शेवट वरच सुतळीत खोचलेले होते, घडीही न मोडलेले. आणि सुतळीच्या गाठीवर आईने देवापुढे ठेवून लावलेलं कुंकू जसंच्या तसं होतं. गाठ कुणी कधी सोडलीच नव्हती.

बाकीच्या प्रकाशकांनी तर बाड ठेवूनही घेतलं नव्हतं.

तिने ओढणीने धूळ पुसली आणि बाड ढिगाच्या सगळ्यात वर ठेवलं.

"आणते, सर. या वेळी ती खचणार नाही."