घराला फुटलेली खोली

नगरपरिषदेच्या सुनावणीत हेमलता घोलप ताठ मानेने म्हणाल्या, "साहेब, मी एक वीटही रचलेली नाही. खोली घरालाच फुटली."

"म्हणजे बांधकाम विनापरवानाच," मुख्याधिकारी तांबोळी म्हणाले. "जिवंत भिंती घेताना सूचना वाचल्या नाहीत? आपण वारंवार बोलतो ते या भिंती ऐकतात आणि तसं घर वाढवतात."

"वास्तू तथास्तु म्हणते, हे सासूबाईंनी त्याआधीच शिकवलं होतं. म्हणून आमच्या घरात कुणी वाईटसाईट बोलत नाही. मी रोज दिवा लावताना एवढंच म्हणायचे, लेक बाळंतपणाला आली की तिला निवांत खोली मिळू दे."

लेक आता त्याच खोलीत होती, दिवस भरत आलेली. तांबोळींनी पाडकामाच्या आदेशावर सही करायला पेन उचललं.

"करा सही," हेमलताबाई म्हणाल्या. "पण तुमच्या या कचेरीबाहेरच्या दगडी बाकाला परवानगी कुणी दिली, तेही लिहा. गेल्या वर्षी तिथे सपाट भिंत होती."

तांबोळी उठून दाराशी गेले. व्हरांड्याच्या भिंतीतून लांबलचक बाक बाहेर आला होता आणि त्यावर म्हातारी माणसं निवांत टेकली होती. इथे बसायला जागा नाही, अशी कुरकुर त्याही जिवंत भिंतीने रोज ऐकली होती.

ते परत येऊन बसले, पेनाला टोपण लावलं. "पुढची तारीख बारशानंतरची घ्या. आणि हा पाडकामाचा विषय घरी भिंतींसमोर काढू नका."

"सांगितलं ना साहेब," हेमलताबाई पिशवी उचलत म्हणाल्या, "आमच्या घरात कुणी वाईट बोलत नाही."