लिंबाचे डहाळे

"आमच्यात कुनाला काय बी न्हाय," धुरपदाबाई दार अडवून म्हणाल्या. आत मात्र लेकरू खोकत होतं आणि चौकटीला कडुलिंबाचा ताजा डहाळा खोचलेला होता. आशा सेविका अर्पिता सकाळपासून घरोघरी हेच ऐकत होती. शेजारच्या गावात गोवरानं एक पोर दगावलं होतं. ताप-पुरळ दिसलं की त्याच दिवशी मोबाइलवर कळवायचं, असं वरून बजावलं होतं. पण गावात गोवराचं नाव घेत नाहीत. घरात देवी आलेली असते, नाव घेतलं की ती कोपते. अर्पिताचं बोट 'रुग्ण नाही'वर टेकणारच होतं, तेवढ्यात तिची नजर अंगणातल्या लिंबाकडं गेली. देवीसाठी डहाळा न्यायचा तो याच झाडाचा, आणि तोही धुरपदाबाईंना विचारून, अशी गावची रीत. आज खालच्या फांद्या पार बोडक्या झाल्या होत्या. "मामी, नाव नका घेऊ. डहाळे कुणीकुणी नेले, तेवढंच सांगा." म्हातारी सैल झाली. "त्यात काय लपवायचं? बब्रुवानच्या सुनेनं नेला, तुळसानं नेला, वरच्या आळीतल्या दोघी सकाळीच येऊन गेल्या..." अर्पिता भराभरा घरं टिपत गेली. "आन् मगाशी तुझी सासू नेऊन गेली. तुला म्हाईत न्हाय व्हय?" अर्पिताचं बोट थांबलं. घरी पाळण्यात तिची सात महिन्यांची लेक होती. गोवराची लस नऊ महिने पुरे झाल्यावरच मिळते, हे आज दारोदार तीच सांगत होती.