गाण्यातली टकटक

आईवरच्या त्या एका गाण्याने दादा मोठा झाला. आज त्याच्या कार्यशाळेत नवे गीतकार दाटीवाटीने बसले होते, आणि धाकटी बहीण म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

"गाणं सुचलं की खोलीला आतून कडी घालायची. घरचे बसू देत बोंबलत!" दादा शिकवत होता. "आई गेली, त्याच दुपारी मी हे गाणं घरी टेप केलं. पुढे तीच टेप जशीच्या तशी बाजारात आली."

एका मुलीने विचारलं, "सर, गाण्यात मागे वाढत जाणारी ती टकटक कुठल्या वाद्याची?"

माईक हातात असला की दादाचा गळा अगदी वेळेवर दाटून येतो. "वाद्य नाही, बाळ. माझ्या आईचं काळीज आहे ते. मला तेव्हा स्वच्छ ऐकू येत होतं."

टाळ्या थांबेनात. डोळे पुसत ती मुलगी माझ्याकडे वळली. "ताई, तुम्हीही तेव्हा घरातच होतात ना?"

"होते ना. त्याच्या दाराबाहेर. आई 'त्याला बोलाव, त्याला बोलाव' म्हणत होती, म्हणून दार ठोठावत होते."