माणसाचं वजन करत नाहीत

ताणकाट्यानं वीस किलो सातशे दाखवले आणि बाळासोला घाम फुटला.

काटा तुळईला टांगला होता, काट्याला दुसरी ट्रंक (पहिली वीसची भरून भिंतीशी ठेवली होती), आणि ट्रंकेशेजारी मान वाकडी करून लालासाब आकडा वाचत होता. शेजारचा लालासाब रद्दी घ्यायचा, काटा त्याचाच. त्याचा मेव्हणा मस्कतला असल्यामुळे विमानातलं सगळं मंगळवार पेठेत त्यालाच जास्त कळायचं.

"माणशी वीस. वर गेलं की अडवत्यात," तो म्हणाला.

"का? विमान पडतंय?"

लालासाबनं असा विचार कधी केला नव्हता. पण माहीत नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

"पडंल की," तो म्हणाला.

बुधवारी बाळासो बायकोला घेऊन कायमचा नायजेरियाला निघाला होता, तिथल्या फौंड्रीत कामाला. इथल्या फौंड्रीत वितळलेलं लोखंड तो रोज बादलीतल्या पाण्यासारखं ओतायचा. आता मात्र तो सातशे ग्रॅमच्या मागं लागला. त्यानं ट्रंक उतरवली. दोन टूथब्रशांच्या दांड्या निम्म्यातून मोडल्या. साबणाचं खोकं फेकून दिलं. लग्नाचा फोटो चौकटीतून सोडवला आणि फोटोत कडेला उभे असलेले नेसरीचे पाव्हणे कात्रीनं कापून काढले.

"ते माझं मामा हाईत," त्याची आई बनाबाई म्हणाली.

"म्हाईत हाय. जाड हाईत."

शेवटी काटा बरोबर वीसवर आला. बाळासोनं श्वास सोडला, तोवर त्याची बायको चिमणा स्वयंपाकघरातून आली आणि तिनं टांगलेल्या ट्रंकेवर वरवंटा ठेवला. काटा सरळ तेविसावर गेला.

"आन पाटा?" लालासाबनं विचारलं.

"पाटा ऱ्हाऊ दे हितं. मला ह्योच पायजे, भावजी."

"अगं, तिकडं दगड न्हाईत व्हय?" बाळासो म्हणाला. "चटणी कुठल्याबी दगडानं वाटती."

"चटणीला नगो मला."

कशाला हवा होता ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालायचं, त्याला पाळण्याखालून वरून फिरवायचं, आत निजवायचं, आणि मग बाळ. जे काही वाईट टपून बसलेलं असतं ते आधी दगडाला धरायला जातं आणि दात पडून परत फिरतं, असं बनाबाईच सगळ्यांच्या बारशात सांगायची.

चिमणाला पाचवा महिना होता.

"मागच्या बारशाला घातला न्हवता," ती म्हणाली.

मागच्या बारशाच्या सकाळी वरवंट्याला ताजी चटणी लागलेली होती. धुतला तरी बाळाला झोंबंल म्हणून बनाबाईनंच तो बाजूला ठेवायला सांगितला होता. बाळाला काही झोंबलं नाही. बारशापासून नवव्या दिवशी ते गेलं.

बनाबाई उठली. वरवंटा घेऊन मोरीत गेली. चिंचेनं घासला, पदरानं पुसला, मग त्याला जीभ लावून बघितली.

"तिखाट न्हाई," ती बाहेर येऊन म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

बाळासो ट्रंकेत हात घालून उभा होता. आता तीन किलो काय काढायचं ते त्याला दिसत नव्हतं. त्यानं स्वतःचे बूट काढले, पुन्हा ठेवले. चिमणाची लुगडी काढली, पुन्हा ठेवली. तवा हातात धरून तो बराच वेळ बघत राहिला.

"माणसाचं वजन करत न्हाईत," लालासाब म्हणाला. "माझा मेव्हणा अंगावर तीन विजारी घालून गेलता."

यावर तिघांनीही एकदम चिमणाकडे बघितलं. ती आधीच पदर सोडून उभी होती.

बनाबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि वरवंटा सुनेच्या पोटावर आडवा बांधला. घट्ट नको आणि सैलही नको, असं तीनदा सोडून तीनदा बांधला. पदर घेतल्यावर चिमणाचा पाचवा महिना नववा दिसायला लागला.

"नववा म्हटल्यावर विमानात घेत न्हाईत," लालासाब पाठ करून उभा होता, तो मागं वळून म्हणाला. "जरा वर घ्या मावशी. सातवा दिसू दे."

बनाबाईनं दोन महिने कमी केले.

मग लालासाब पाटावर बसून विमानतळाचा साहेब झाला, आणि चिमणानं दारापासून त्याच्यापर्यंत चालत यायचं ठरलं. ती आली. वाकली नाही. हात कमरेला लावला, तोही बरोबर लावला.

"कितवा, बाई?" साहेबानं विचारलं.

"सातवा."

"बरोबर कोण?"

"मालक."

"आन बाळंतपणाला तिकडं कोण हाय?"

चिमणानं सासूकडं बघितलं.

"हे बी इचारत्यात?" बाळासोनं विचारलं.

"न्हाई," लालासाब म्हणाला. "हे मी इचारलं."

पुन्हा चालून दाखव म्हणून बनाबाईनं तिला दाराकडं पाठवलं. खोलीच्या मध्यावर येऊन चिमणा थांबली. तिचा चेहरा उतरला होता. बाळासो तवा तसाच हातात घेऊन पुढं झाला.

"काय झालं गं?"

"हललं."

बाळासोनं तवा खाली ठेवला.

"कुठलं?" त्यानं विचारलं.

चिमणानं डोळे मिटले, एक हात वर वरवंट्यावर ठेवला, एक खाली पोटावर, आणि पुन्हा हलायची वाट बघत ती तशीच उभी राहिली.