डॅमसनचा पत्ता

बोटीच्या पंख्यात काहीतरी अडकलं होतं. बर्नार्ड टिलीनं इंजिन बंद केलं, मागची फळी उचलली, पंख्यावरचं झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात कालव्याच्या गार पाण्यात घातला.

"पिशवी की पँट?" काठावरून प्रश्न आला.

तिशीतली बाई होती. अंगात लॉकवर, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांवर, मदत करणाऱ्यांचं लाल जाकीट, हातात झडपा फिरवायचं लोखंडी हँडल. परवा एकाच्या पंख्यातून अख्खी पँट निघाली म्हणे. नशीब, आत माणूस नव्हता.

"पिशवीच आहे, पोरी."

"मग झाकण नीट आवळा, काका. तेवढ्या एका झाकणापायी बोटी बुडतात."

बर्नार्डला हे सांगायची गरज नव्हती. सदुसष्ट वर्षांपैकी चाळीस त्यानं सात फूट रुंदीच्या बोटींत काढली होती. पण आज त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं, हेही खरं. टेकडी चढायला तेरा लॉक होते, आणि तेराव्याच्या वर त्याची मुलगी होती.

निदान त्याची तशी समजूत होती. कालव्यावर माणसांना पत्ता नसतो. ज्याला कायमची जागा नाही त्यानं चौदा दिवसांत बोट हलवायची, नाहीतर परवाना जातो. आडनावही कोणी विचारत नाही. बोटीचं नाव हीच ओळख. त्यामुळे बर्नार्ड वर्षभर ब्रायनी टिलीला शोधत नव्हता, 'डॅमसन'ला शोधत होता. बायको मॉरीन वारल्यावर ती बोट मुलीकडे गेली, एवढं त्याला कळलं होतं. शेवटी बोटींना कोळसा पुरवणारा गस म्हणाला, की डॅमसन वॉर्डल टेकडीच्या माथ्यावर आहे आणि आठवडाभर तरी हलणार नाही.

चोवीस वर्षांपूर्वी जानेवारीत कालवा गोठला होता. मॉरीन तापानं फणफणली होती आणि बोटीवरचा कोळसा संपला होता. कोळसा आणतो म्हणून बर्नार्ड निघाला तो परत गेलाच नाही. कारण म्हणाल तर काहीच नव्हतं. थंडी, आजारपण, सात वर्षांच्या मुलीची रडारड, सगळ्याचा कंटाळा आला होता, बस. हे मुलीला जसंच्या तसं सांगायचं, एकही सबब पुढे करायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. सुकाणू धरून, बदकांना ऐकवत त्यानं ते शंभरदा घोकलं होतं. पुढे ती बोलेल, नाहीतर हाकलून देईल. दुसरं काही त्याला आता आयुष्याकडून नको होतं.

बोट लॉकमध्ये घ्यायची, मागची दारं लावायची, वरच्या झडपा उघडायच्या. पाणी भरतं, बोट चढते, मग पुढची दारं उघडतात. असं तेरा वेळा. बाई कामाला वाघ होती, बर्नार्डला बोटीवरून उतरूही देईना. वर त्याच्या इंजिनाची टिंगल चालूच होती. एवढ्या धुरानं मासेही खोकत असतील म्हणाली. त्यानं तिला चहा दिला, तिनं खिशातली बिस्किटं काढली.

चौथ्या लॉकमध्ये त्यानं डॅमसनबद्दल विचारलं.

"आहे की. वरच्या नळापाशी," ती म्हणाली. "कोण आहे तिथं तुमचं?"

"मुलगी. लहानपणीच ताटातूट झाली आमची."

सातव्या लॉकमध्ये झडप उघडता उघडता तिनं विचारलं, "ताटातूट म्हणजे? सोडून कोण गेलं?"

वाक्य ओठांवर आलं होतं. पण नुकत्याच भेटलेल्या बाईला, तिनंच दिलेलं बिस्किट खात, आजारी बायकोला टाकून पळालो असं कसं सांगायचं? बर्नार्डला लाज वाटली. मुलीचं ते मुलीला सांगू. हिला काय करायचंय.

"तिच्या आईनं हाकललं मला," तो म्हणाला. "प्यायची ती. शुद्धीत नसायची. मी पत्रं पाठवली, तीसुद्धा फाडून टाकली असणार."

जिभेला हाड नसतं. नवव्या लॉकपर्यंत मॉरीननं त्याच्यावर तवा फेकला होता, अकराव्यापर्यंत सुरी उगारली होती. बिचाऱ्या मॉरीननं जन्मात कधी बिअरचा घोटही घेतला नव्हता.

बाई झडपा फिरवत होती. टिंगल थांबली होती. दमली असेल, असं बर्नार्डला वाटलं.

तेराव्या लॉकमध्ये बोट काठाच्या उंचीला आली, तेव्हा ती त्याच्या अगदी समोर उभी होती.

"मुलीला काय सांगणार?"

"खरं ते," बर्नार्ड म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. "जे झालं ते सगळं."

"बरं."

तिनं दार उघडलं, तो बाहेर पडल्यावर लावून घेतलं आणि टेकडी उतरू लागली. त्यानं मागून आभार मानले. तिला ऐकू गेले नसावेत.

डॅमसन नळापाशीच होती. छतावर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई पाठमोरी बसून तारेच्या ब्रशनं गंज खरवडत होती. बर्नार्डनं बोट बांधली आणि टोपी काढली.

"ब्रायनी," त्यानं हाक मारली, आणि थांबलो तर धीर सुटेल म्हणून एका दमात सगळं बोलून टाकलं. ताप, बर्फ, कोळसा. आईची काडीची चूक नव्हती, मी पळालो, मला कंटाळा आला होता म्हणून. एकही शब्द त्यानं गाळला नाही.

बाई वळली. चांगली साठीची होती.

"मी पॉलिन," ती म्हणाली. "ब्रायनीनं दोन वर्षांपूर्वी विकली ही मला. पाण्यातल्या बोटीचं नाव बदलणं अपशकुनी असतं, म्हणून तेच ठेवलंय."

ती कुठं भेटेल, एवढंच बर्नार्डनं कसंबसं विचारलं.

पॉलिननं ब्रश खाली ठेवला. "लांब कशाला जाताय? खाली लॉकवर असते ती, दर गुरुवारी. आज जोडीदार आजारी आहे तिचा, त्यामुळे तेराही लॉक तिच्या एकटीवर आहेत. तुम्हाला वर तिनंच तर आणलं असेल."