दांडीचा आरसा

टास्मानियाच्या रानात मर्टल झाडाच्या खोडावर फळीसारखी वाढलेली अळंबी टॅम्सिनला दिसली आणि अळंबी शोधायला आलेला सगळा गट तिच्याभोवती गोळा झाला. मेरिन मागेच राहिली. इतकी वर्षे अळंबी ओळखायला गटप्रमुख ॲलेक आधी तिलाच हाक मारत असे. आज त्याने तिचा दांडीचा आरसा मागून घेतला आणि या नवख्या पोरीच्या हाती दिला. "खालून कशी दिसते?" त्याने विचारले. "पांढरीशुभ्र," आरशात डोकावत टॅम्सिन म्हणाली. "मेरिन, तू दाबून बघ," ॲलेक म्हणाला. " तपकिरी डाग पडला तर नेहमीचीच. नाही पडला तर या रानातली पहिलीच नोंद, हिच्या नावावर." मेरिनने अळंबीच्या पोटाशी अंगठा दाबून धरला. डाग पडू दे, ती मनात म्हणत राहिली. "काय गं, झाडाला चिकटलीस की काय?" ॲलेक हसला. तिने अंगठा काढून वाकून पाहिले. "पांढरीच. अभिनंदन, टॅम्सिन. आता माझा आरसा दे."